स्क्रूवाल्याचे शहर

चेंबरलेन म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो तो छत्रीवाला. १९३८ साली म्युनिकला जाऊन हिटलरशी करार करून आलेला आणि विमानातून उतरल्यावर तो कागद लोकांना दाखवणारा इंग्लंडचा पंतप्रधान. शाळेच्या पुस्तकाने बिचाऱ्याला त्या एका कागदापुरता शिल्लक ठेवला आहे. पण आज मी लिहितो आहे तो त्याच्याविषयी नव्हे, त्याच्या वडिलांविषयी. जोसेफ चेंबरलेन हे त्यांचे नाव. बर्मिंगहॅम शहराचा महापौर.

निमित्त अगदी घरगुती आहे. आमच्या इमारतीच्या पुनर्विकासाच्या सभा गेली दोन वर्षे चालू आहेत. मी बँकेतला निवृत्त अधिकारी, त्यामुळे आलेला प्रत्येक कागद आधी माझ्या हाती येतो. चटईक्षेत्र किती, भाडे किती, बँक हमी किती याची आकडेमोड मी करून देतो आणि लोक समाधानाने माना डोलावतात. मध्यंतरी एका सभेत दुसऱ्या मजल्यावरच्या आजींनी विचारले, जिन्याखाली तीस वर्षे इस्त्री करणाऱ्याचे काय करणार? सभेत क्षणभर कोणी बोलले नाही. मग सचिवांनी पुढचा विषय पुकारला. माझ्या तक्त्यात त्या माणसासाठी रकानाच नव्हता. रात्री झोप येईना, आणि का कोण जाणे, मला जोसेफ चेंबरलेन आठवला. नोकरीत असताना नगरपालिकांच्या कर्जांचे जुने दाखले वाचायची वेळ आली, तेव्हा या गृहस्थाची ओळख झाली होती. कपाटातली टिपणे काढून पुन्हा वाचत बसलो.

जोसेफचा जन्म ८ जुलै १८३६ चा, लंडनचा. घराण्याचा धंदा चामडी जोडे बनवून विकण्याचा. घर सधन, पण पंथाने युनिटेरियन, म्हणजे इंग्लंडच्या राजमान्य चर्चबाहेरचे. पोरगा हुशार होता, तरी वडिलांनी सोळाव्या वर्षी शाळेतून काढून त्याला पेढीवर बसवला. दोन वर्षांनी, १८५४ मध्ये, त्याच्या आयुष्याला कलाटणी मिळाली ती एका स्क्रूमुळे. त्याचे नातलग नेटलफोल्ड बर्मिंगहॅमला लाकडात बसवायचे स्क्रू बनवत. अमेरिकेत एका यंत्राचे पेटंट निघाले होते. त्यावर टोकदार स्क्रू आपोआप तयार होत. ते पेटंट घ्यायला भांडवल हवे होते. जोसेफच्या वडिलांनी १० हजार पौंड घातले आणि त्या पैशांवर लक्ष ठेवायला अठरा वर्षांचा मुलगा बर्मिंगहॅमला धाडला.

मुलगा हिशेबाला पक्का निघाला. वीस वर्षांत या पेढीने इंग्लंडचा स्क्रूचा बाजार जवळजवळ ताब्यात घेतला आणि माल हिंदुस्थानापर्यंत जाऊ लागला. आपल्या आजोबा-पणजोबांच्या टाकाला बसवलेली नीबसुद्धा बर्मिंगहॅमचीच असे. आपल्या जुन्या वाड्यांच्या दाराच्या बिजागऱ्यांत नेटलफोल्डचे स्क्रू असतील तर मला तरी नवल वाटणार नाही. धंद्यात जोसेफ दयाळू नव्हता. लहान कारखानदारांना एक तर विकत घ्यायचे नाही तर बाजारातून उठवायचे, ही त्याची रीत. पण त्याच वेळी तो रात्रशाळेत कामगारांना शिकवत असे. एकाच माणसात या दोन गोष्टी कशा नांदतात, असा प्रश्न कादंबरी लिहिताना पडतो. बँकेच्या काउंटरवर बसलेल्याला तो पडत नाही. तिथे अशी माणसे रोज दिसतात.

घरात मात्र दैव त्याच्या पाठीमागे हात धुऊन लागले होते. १८६१ मध्ये हॅरिएट केनरिक हिच्याशी लग्न झाले. मुलगी बिआट्रिस झाली आणि १८६३ च्या ऑक्टोबरात मुलगा ऑस्टेन. त्या बाळंतपणात हॅरिएट गेली. दोन तान्ही लेकरे घेऊन जोसेफ सासुरवाडीला राहायला गेला. पाच वर्षांनी हॅरिएटच्याच नात्यातल्या फ्लॉरेन्सशी त्याने लग्न केले. तिला चार मुले झाली, त्यांतला थोरला नेव्हिल, म्हणजे आपला छत्रीवाला. फ्लॉरेन्स हुशार होती आणि नवऱ्याच्या सार्वजनिक कामात रस घेणारी होती. तिच्याकडे पुन्हा वळावे लागेल.

आता थोडे त्या शहराविषयी. १८७१ च्या शिरगणतीत बर्मिंगहॅमची वस्ती ३ लाख ४३ हजारांवर गेली होती. बंदुका, बटणे, पितळी सामान, दागिने, नीब असे काय म्हणाल ते तिथे बने. नगरपालिका मात्र दुकानदारांच्या ताब्यात. घरपट्टी वाढू द्यायची नाही एवढा एकच त्यांचा पक्ष. वुडमन नावाच्या दारूच्या गुत्त्यात त्यांची बैठक भरे आणि शहराचे निर्णय तिथेच ठरत. गटार नको, रस्ता नको, कारण खर्च नको. हे वाचताना एखाद्या वाचकाला आपल्या ओळखीची एखादी नगरपालिका आठवली, तर त्यात माझा दोष नाही.

याच शहरात जॉर्ज डॉसन आणि आर. डब्ल्यू. डेल हे दोन धर्मोपदेशक रविवारच्या प्रवचनात चमत्कारिक गोष्ट सांगू लागले. गटारे बांधणे, स्वच्छ पाणी देणे, वाचनालय उघडणे हे धर्मकार्यच आहे, आणि सुशिक्षित, सधन माणसांनी नगरपालिकेत जाणे कमीपणाचे मानू नये, असा त्यांच्या बोलण्याचा सारांश. कारखानदार, वकील, डॉक्टर अशी मंडळी यातून निवडणुकीला उभी राहू लागली. १८६९ च्या नोव्हेंबरात सेंट पॉल्स वॉर्डातून चेंबरलेन नगरसेवक झाला आणि १८७३ च्या नोव्हेंबरात महापौर. पुढच्या वर्षी त्याने धंद्यातला आपला वाटा विकला. १ लाख २० हजार पौंड हाती आले. वय अवघे ३८. एका डोळ्याला काच, कोटाला फूल, दाढी-मिश्या सफाचट. आता तो पूर्णवेळ शहराचा होता.

पहिला घास घेतला तो गॅसचा. रस्त्यावरचे दिवे आणि घरातला उजेड तेव्हा गॅसवर चाले. शहरात दोन खाजगी कंपन्या होत्या, दोघींचे नळ एकाच रस्त्याखालून जात आणि दोघीही रस्ते खणून ठेवत. महापौर झाल्यावर दोनच महिन्यांत, १८७४ च्या जानेवारीत, त्याने सभागृहापुढे प्रस्ताव ठेवला की दोन्ही कंपन्या नगरपालिकेने विकत घ्याव्यात. किंमत सुमारे २० लाख पौंड. दुकानदारांच्या पोटात गोळाच आला असेल.

माझ्यासारख्या बँकेतल्या माणसाला इथे थांबल्याशिवाय राहवत नाही. प्रस्तावाच्या मुळाशी असलेला हिशेब साधा होता. कंपनीला भागधारकांना भरघोस लाभांश द्यावा लागतो, नगरपालिकेला भागधारक नाहीत. घरपट्टीच्या तारणावर नगरपालिकेला स्वस्त व्याजाने कर्ज मिळते, कारण शहर पळून जात नाही. कंपनीचा लाभांश आणि नगरपालिकेचे व्याज यांतला फरक दरसाल शहराच्या खिशात पडणार. घरपट्टी एक पैसाही न वाढवता शहराला उत्पन्न मिळणार. शिवाय ज्या धंद्यात स्पर्धा होऊच शकत नाही, तो लोकांनी निवडलेल्यांच्या हाती असावा, हे तत्त्व होतेच. मतदान झाले तेव्हा ५४ बाजूने आणि २ विरुद्ध. संसदेचा कायदा झाला, आणि पहिल्याच वर्षी गॅसखात्याने ३४ हजार पौंड नफा दाखवला. गॅसचे पैसे इतके कामी आले की १८८५ मध्ये उघडलेले शहराचे चित्रसंग्रहालय चक्क गॅसखात्याच्या कचेरीच्या वरच्या मजल्यावर उभे राहिले. खाली लोक बिले भरत आणि वर चित्रे पाहत.

पाण्याच्या बाबतीत मात्र त्याने वेगळा हिशेब मांडला, आणि मला हा माणूस आवडतो तो इथे. पाण्याची कंपनी साडेतेरा लाख पौंडांना घेतली, पण पाण्यातून नफा काढायचा नाही, असे त्याने आधीच सांगून टाकले. गरीब वस्त्या विहिरींचे पाणी पीत आणि त्या विहिरींत शेजारच्या संडासांचे पाझरे उतरत. नगरपालिकेने विहिरी बंद करायच्या तर त्याआधी नळ द्यायला हवा. आणि नळ कंपनीच्या हाती असला, तर ज्याला परवडत नाही त्याच्या दारात तो येणार नाही. म्हणून गॅसवर कमवायचे आणि पाणी पडत्या भावात द्यायचे. दोन खाती, पण दोन नीती. हा भेद पुढच्या कित्येक कारभाऱ्यांना कळला नाही.

मधल्या काळात एक गंमत झाली. चेंबरलेन तेव्हा प्रजासत्ताकवादी म्हणून बदनाम होता, राजघराण्याविषयी फटकळ बोलत असे. १८७४ च्या नोव्हेंबरात राजपुत्र आणि राजपुत्री शहराच्या भेटीला आले. हा काय करतो म्हणून सारे वृत्तपत्रवाले टपून बसलेले. त्याने इतके अदबीने आणि ऐटीत स्वागत केले की विरोधकांची निराशाच झाली.

आणि मग १८७५ चे साल आले. फेब्रुवारीत फ्लॉरेन्स पाचव्या बाळंतपणात गेली, मूलही गेले. दुसऱ्यांदा तेच. त्याच साली ऑगस्टमध्ये आईही वारली. घरात सहा मुले, आणि नेव्हिल अजून सहा वर्षांचा व्हायचा होता. मुले बहिणींनी सांभाळली. बाप कामात बुडाला. ऑस्टेनकडे पाहिले की त्याला हॅरिएटचा मृत्यू आठवे आणि म्हणून तो पोराशी अंतर राखून वागे, असे चरित्रकार सांगतात. ज्या वर्षी स्वतःचे घर मोडले, त्याच वर्षी त्याने शहराच्या घरांना हात घातला.

त्या वर्षी संसदेने कामगारांच्या घरांविषयी नवा कायदा केला. मोडकळीस आलेल्या, रोगट वस्त्या नगरपालिकांनी सक्तीने विकत घेऊन पाडाव्यात आणि नव्याने बांधाव्यात, अशी त्यात सोय होती. बर्मिंगहॅमच्या मध्यभागी अशा वस्त्या होत्याच. घरे पाठीला पाठ लावून बांधलेली. पुढे रस्त्याकडे एक बिऱ्हाड, त्याच भिंतीच्या मागे आतल्या चौकाकडे तोंड केलेले दुसरे. मागचे दार नाही, मागची खिडकी नाही, वारा आरपार जायला वाटच नाही. चौकात सामायिक संडास आणि धुण्याची जागा. ज्यांनी चाळीत दिवस काढले त्यांना हे चित्र वेगळे समजावून सांगायला नको. पण चाळीला निदान गॅलरी असते. आरोग्य अधिकारी डॉ. आल्फ्रेड हिल यांनी मृत्यूचे आकडे पुढे ठेवले आणि विल्यम व्हाइट या नगरसेवकाने त्या गल्ल्या पायी फिरून जे पाहिले ते सभागृहात सांगितले. ते ऐकल्यावर कोणाला विरोध करणे जड गेले.

योजना आखली ती ९० एकरांहून अधिक क्षेत्राची. मधून पॅरिसच्या बुलेव्हारसारखा रुंद रस्ता काढायचा, नाव कॉर्पोरेशन स्ट्रीट. भाव वाढण्याआधी जागा हाती याव्यात म्हणून सधन नागरिकांनी निधी जमवला, त्यात चेंबरलेनने स्वतःचे १० हजार पौंड घातले. त्याची खरी चलाखी होती ती पुढे. जमीन विकायची नाही. ७५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने द्यायची. पट्टा संपला की जमीन आणि तिच्यावरची इमारत दोन्ही नगरपालिकेची. म्हणजे आजच्या करदात्यांनी थोडी झळ सोसायची आणि नातवंडांनी इंग्लंडातल्या सर्वांत श्रीमंत नगरपालिकेचे वारस व्हायचे. मी कितीतरी कर्जप्रस्ताव तपासले, पण पाऊणशे वर्षांपुढचे पाहणारा एकही माझ्या टेबलावर आला नाही.

१८७६ मध्ये योजनेला मंजुरी मिळाली. त्याच वर्षी जूनमध्ये तो संसदेवर निवडून गेला आणि महापौरपद सोडले. अडीच वर्षे. गॅस, पाणी आणि अर्धे शहर. बांधकाम १८७८ मध्ये सुरू झाले. व्यापारातल्या मंदीने काही वर्षे ते रेंगाळले, पण हळूहळू रस्ता भरू लागला. १८८५ मध्ये लुइसचे मोठे दुकान आले. १८८७ मध्ये व्हिक्टोरिया राणीने न्यायालयाच्या इमारतीची कोनशिला बसवली. रस्ता देखणा झाला. आरोग्यही सुधारले. १८७३ ते १८७५ या काळात त्या भागात हजारी ५३ माणसे मरत, ती १८७९ ते १८८१ मध्ये २१ वर आली. एवढा एक आकडा दाखवला की कोणत्याही योजनेचा गौरव व्हावा, आणि तो झालाही.

पण आकडा हजारी आहे. हजार कोणते? आधीचे हजार आणि नंतरचे हजार एकच होते का? ज्यांची घरे पाडली ते तिथे राहिलेच नव्हते. त्यांच्या जागी दुकाने, कचेऱ्या आणि न्यायालय आले. दुकानात कोणी मरत नाही. पाडलेल्या घरांतली माणसे शेजारच्या चौकांत गेली, आधीच भरलेल्या खोल्यांत आणखी एक बिऱ्हाड शिरले. तिथला मृत्यूचा आकडा योजनेच्या अहवालात येत नाही, कारण तो भाग योजनेत नव्हता. कायद्याचे नाव कामगारांच्या घरांचे होते. नगरपालिकेचे म्हणणे पडले की शहराच्या कडेला रिकामी घरे भरपूर आहेत, खाजगी बांधणारे समर्थ आहेत, आम्ही बांधायची गरज नाही. पण ज्याची भट्टी, ज्याची गिऱ्हाइके आणि जिची धुणीभांडी शहराच्या मध्यात, तो किंवा ती कडेला जाऊन काय करणार? रोज ट्रामला पैसे कुठून आणणार? नगरपालिकेने स्वतः बांधलेली पहिली घरे उभी राहिली १८९० मध्ये, रायडर स्ट्रीटवर. संख्या २२.

याचा दोष एकट्या चेंबरलेनवर टाकणे बरोबर नाही. तो तोवर लंडनला गेला होता. नगरपालिकेने घरे बांधून भाड्याने द्यावीत, हा विचारच तेव्हा पुष्कळांना अतिरेकी वाटे. पण नळ प्रत्येकाच्या दारात गेला पाहिजे हे ज्याला कळले, त्याला दार कुठे जाणार हे सुचू नये, याचे मला आजही आश्चर्य वाटते. पाण्याच्या खात्यात त्याने नफा बाजूला ठेवला. जमिनीच्या खात्यात ठेवला नाही. जमिनीने त्याच्यातला पेढीवाला जागा केला, असे मला वाटते.

आपल्याकडेही हेच झाले. १८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ मध्ये मुंबईत सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला, ग्लासगोसारख्या विलायती शहरांचे नमुने डोळ्यांपुढे ठेवून. प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड या त्याच्याच देणग्या. रस्त्यांनी वारा आला. पण जेवढ्यांची घरे गेली तेवढ्यांना ट्रस्टच्या चाळींत जागा मिळाली नाही आणि शेजारच्या इमारती आणखी भरल्या.

चेंबरलेनचे पुढचे आयुष्य साम्राज्याच्या इतिहासाचा भाग आहे आणि त्यात मला फारसा रस नाही. आयर्लंडच्या स्वराज्याच्या प्रश्नावर १८८६ मध्ये त्याने स्वतःचा पक्ष फोडला. १८८८ मध्ये मेरी एन्डिकॉट या अमेरिकन तरुणीशी तिसरे लग्न केले. १८९५ पासून १९०३ पर्यंत वसाहतमंत्री होता आणि बोअर युद्धाचे पाप बरेचसे त्याच्या माथी आहे. आपल्याशी त्याचा संबंध आला तो इथे. १९०२ मध्ये मोहनदास गांधी नावाचे बॅरिस्टर मुंबईत वकिलीचा जम बसवत होते. चेंबरलेन दक्षिण आफ्रिकेत येतो आहे, ताबडतोब या, अशी तार त्यांना नाताळहून गेली. गांधी निघाले आणि दरबानला हिंदी लोकांचे शिष्टमंडळ घेऊन त्याला भेटले. त्याने थंडपणे सांगितले की स्वायत्त वसाहतींवर विलायत सरकारचे फारसे चालत नाही, तुम्हीच तिथल्या गोऱ्यांशी जुळवून घ्या. ट्रान्सवालच्या शिष्टमंडळात तर गांधींना जाऊच दिले नाही. बर्मिंगहॅमच्या चौकातल्या माणसाला आपला म्हणणारा हा गृहस्थ, दरबानच्या मजुराला मात्र त्याच्या शहराचे दार नव्हते.

१९०६ च्या जुलैत सत्तराव्या वाढदिवसाला बर्मिंगहॅमने त्याची मिरवणूक काढली आणि काही दिवसांतच त्याला अर्धांगवायूचा झटका आला. आठ वर्षे तो घरी खुर्चीत बसून होता, बोलणे तुटक. २ जुलै १९१४ रोजी गेला. वेस्टमिन्स्टर ॲबीत जागा देऊ केली होती, पण घरच्यांनी बर्मिंगहॅमच्याच की हिलच्या दफनभूमीत त्याला पुरले.

बापाची राहिलेली बाकी फेडायचा प्रयत्न केला तो नेव्हिलने. १९१३ च्या सुमारास झालेल्या पाहणीत शहरात अजून ४३ हजारांवर पाठीला पाठ लावलेली घरे होती आणि त्यांत सुमारे दोन लाख माणसे राहत होती. कॉर्पोरेशन स्ट्रीटला तोवर ३५ वर्षे झाली होती. १९१५ मध्ये नेव्हिल महापौर झाला. त्याने नगरपालिकेची स्वतःची बचत बँक काढली, १९१६ मध्ये. १९१९ मध्ये ती कायमची झाली आणि कामगार ठेवीदारांना घरासाठी कर्ज देऊ लागली. इंग्लंडात तशी दुसरी नव्हती. मी बँकेतला, म्हणून असेल, पण म्युनिकच्या कागदापेक्षा त्या बँकेचे पासबुक मला मोलाचे वाटते.

बापाने मिळवलेले एकेक खाते मात्र पुढे हातचे गेले. गॅस १९४९ मध्ये सरकारकडे गेला आणि १९८६ मध्ये खाजगी झाला. पाणी १९७४ मध्ये प्रादेशिक मंडळाकडे गेले आणि १९८९ मध्ये तेही विकले गेले. ५ सप्टेंबर २०२३ रोजी बर्मिंगहॅमच्या नगरपालिकेने आपले हिशेब जुळत नसल्याची कायदेशीर नोटीस काढली. स्त्री कर्मचाऱ्यांना समान वेतन न दिल्याची प्रचंड देणी आणि संगणक प्रणालीवरचा फसलेला खर्च, ही कारणे. २०२४ मध्ये नगरपालिकेने कर जवळजवळ दहा टक्क्यांनी वाढवला.

गेल्या काही वर्षांत भाचीकडे इंग्लंडला गेलो असता बर्मिंगहॅमला एक दिवस काढला. कॉर्पोरेशन स्ट्रीटवरून ट्राम जाते. चेंबरलेनच्या नावाच्या चौकात १८८० मध्ये बसवलेले कारंजे आहे. तिथून दहा-पंधरा मिनिटांच्या वाटेवर, हर्स्ट स्ट्रीटच्या कोपऱ्यावर, पाठीला पाठ लावलेल्या घरांचा एक शेवटचा चौक शिल्लक आहे. एका राष्ट्रीय संस्थेने तो दुरुस्त करून २००४ मध्ये लोकांसाठी उघडला. तिकीट काढून, वाटाड्याबरोबर, थोड्या थोड्या माणसांना आत सोडतात. अरुंद वळणाचा जिना, एकाच पलंगावर चौघांची सोय, चौकात धुण्याची खोली. आमच्याबरोबर एक वृद्ध इंग्रज बाई होत्या. त्या म्हणाल्या की लहानपणी अशाच चौकात राहत होतो, तो पाडला तेव्हा शहराबाहेर उंच इमारतीत घर मिळाले, घर छान होते, पण आईला तिथे बोलायला कोणी नव्हते. भाचीने मला मराठीत विचारले, मामा, आपल्या गिरगावच्या खोलीपेक्षा ही मोठी की लहान? मी पावलांनी मोजून पाहिली. साधारण तेवढीच होती.

पुढच्या रविवारी आमच्या इमारतीची सभा आहे. तक्त्यात मी एक रकाना वाढवला आहे, इस्त्रीवाल्याच्या नावाचा. त्यात काय लिहायचे ते अजून ठरलेले नाही.